डाव्या पायाची जबाबदारी

हे पुस्तक लिहायला कारण झाला डॅशबोर्डवरचा एक पिवळा दिवा.

जूनचा पहिला आठवडा होता. भोरहून महाडकडे निघालो होतो आणि वरंधा घाटात नुकताच पहिला पाऊस पडून गेला होता. सह्याद्रीत गाडी चालवणाऱ्याला पहिल्या पावसाचा रस्ता कसा असतो ते वेगळं सांगायला नको. उन्हाळाभर साचलेली धूळ, ट्रकमधून ठिबकलेलं ऑइल, टायरांचं झिजलेलं रबर असं सगळं त्या पहिल्या सरीत कालवलं जातं आणि डांबरावर साबणासारखा लेप बसतो. जुलैतला धुऊन निघालेला रस्ता परवडला, जूनचा नको, असं घाटातले ड्रायव्हर म्हणतात ते अनुभवाने.

उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये होतो. पुढे उजवं वळण दिसलं. वेग जास्त वाटला म्हणून दुसरा गिअर टाकला आणि घाईत क्लच एकदम सोडला. इंजिन ओरडलं, पुढची चाकं क्षणभर अडखळली आणि स्टेअरिंग हातात हलकं झालं. स्टेअरिंग उजवीकडे वळवलेलं होतं, पण गाडी सरळ कठड्याकडे निघाली होती. मला काही सुचायच्या आत पायाखाली कर्रकर्र असा दाणेदार आवाज आला, काट्यांच्या मधला एक पिवळा दिवा तीन-चार वेळा लुकलुकला आणि गाडीचं नाक वळणात आलं.

पुढच्या टपरीपाशी थांबलो. भाचा बरोबर होता. चहा हातात घेत त्याने विचारलं, "मामा, तो दिवा कसला लागला होता?" वीस वर्षं गाडी चालवत होतो, पण मला त्याचं उत्तर देता आलं नाही. घरी परतल्यावर ग्लोव्ह बॉक्समधलं कंपनीचं माहितीपुस्तक पहिल्यांदा उघडलं. घसरत्या गाडीचं चित्र असलेला तो दिवा स्टॅबिलिटी कंट्रोलचा होता. तो लुकलुकला याचा अर्थ बिघाड झाला असा नव्हता. यंत्रणा त्या क्षणी काम करत होती.

त्यानंतर बरीच वर्षं या विषयाच्या मागे लागलो. वर्कशॉपमध्ये बसलो, मेकॅनिकांशी बोललो, तांत्रिक पुस्तकं वाचली, मोकळ्या मैदानात स्वतःची गाडी घसरवून पाहिली. या सगळ्या काळात दोन समजुती पुन्हा पुन्हा कानांवर आल्या. पहिली अशी, की ही यंत्रणा ऑटोमॅटिक आणि महागड्या गाड्यांसाठी असते, क्लचच्या गाडीत तिचा काय उपयोग? दुसरी तिच्या उलट, की यंत्रणा आहे म्हटल्यावर घाटात काळजी कशाला करायची? दोन्ही समजुती धोक्याच्या आहेत. क्लचच्या गाडीत ही यंत्रणा पुरेपूर काम करते. मात्र तिचा एक भाग कायम ड्रायव्हरच्या डाव्या पायाखाली राहतो, आणि तो पाय काय करतो आहे हे ड्रायव्हरलाच ठाऊक असावं लागतं. एवढी एक गोष्ट मनावर ठसवण्यासाठी हे पुस्तक आहे.

सुरुवात टायरपासून करावी लागते. चारचाकी गाडी रस्त्याला चार जागी टेकते आणि प्रत्येक जागा साधारण तळहाताएवढी असते. हजार-बाराशे किलोची गाडी, आतली माणसं, डिकीतलं सामान हे सगळं त्या चार तळहातांवर तोललेलं असतं. वेग घेणं, थांबणं आणि वळणं ही तिन्ही कामं त्यांच्याच पकडीवर चालतात. ही पकड महिन्याच्या पगारासारखी ठरलेली असते. एकीकडे जास्त खर्च झाली की दुसरीकडे कमी पडते. भर वळणात जोराचा ब्रेक लावला तर वळायला पकड उरत नाही, आणि वळता वळता जोरात रेस दिली तरी तेच होतं. शिवाय हा पगार रस्त्यागणिक बदलतो. कोरड्या डांबरावर टायरला त्याच्यावरच्या भाराच्या सुमारे आठ दशांश पकड मिळते. ओल्या रस्त्यावर ती निम्म्याच्या आसपास येते, आणि शेवाळावर, चिखलावर त्याहूनही खाली जाते.

क्लचच्या गाडीत हा खर्च होण्याची आणखी एक वाट असते. गिअर उतरवून क्लच सोडला की इंजिन चाकांना मागे ओढू लागतं. त्यालाच आपण इंजिन ब्रेक म्हणतो. घाट उतरताना तो मोठा आधार आहे. पण तो फक्त इंजिनाला जोडलेल्या चाकांवर येतो, आणि क्लच झटक्यात सोडला तर तो धक्क्याने येतो. वरंधात माझ्या पुढच्या चाकांची सगळी पकड त्या एका धक्क्यात संपली होती. वळायला काही उरलंच नव्हतं.

आता या यंत्रणेचा जन्म पाहू. चाक अडकू नये ही काळजी आधी विमानांनी वाहिली. १९५० च्या दशकात डनलॉप कंपनीचं मॅक्सरेट नावाचं यंत्र विमानांच्या चाकांवर बसू लागलं. ओल्या धावपट्टीवर उतरताना चाक अडकून विमान घसरू नये आणि टायर फाटू नये, हा त्याचा हेतू. मोटारींत इलेक्ट्रॉनिक एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, खऱ्या अर्थाने आली १९७८ मध्ये, बॉशने ती मर्सिडीजच्या एस-क्लासवर बसवली तेव्हा. एबीएसने मोटारीला दोन नव्या गोष्टी दिल्या. प्रत्येक चाक किती वेगाने फिरतंय हे सांगणारा सेन्सर, आणि प्रत्येक चाकाच्या ब्रेकचा दाब वेगळा सांभाळणारे व्हॉल्व्ह. पुढची सगळी इमारत या पायावर उभी आहे.

यातली पहिली पायरी ट्रॅक्शन कंट्रोलची. मागचं चाक घसरू लागलं की इंजिनाचा जोर कमी करायचा, हा प्रयोग अमेरिकेत ब्यूकने १९७१ मध्येच मॅक्सट्रॅक नावाने केला होता. पण चाकाचा वेग आणि ब्रेक दोन्ही हाती असलेलं ट्रॅक्शन कंट्रोल १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलं. ड्रायव्हरने ब्रेकवर पाय ठेवलेला नसतानाही पंपाने दाब तयार करता आला, की जागेवर फिरणारं चाक आवरता येतं. डिफरन्शियलचा स्वभावच असा, की एक चाक चिखलात मोकळं फिरू लागलं की दुसऱ्यालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो. मोकळ्या चाकाला ब्रेकने रोखलं की जोर पलीकडच्या, पकड असलेल्या चाकाकडे जातो. शिवाय इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमुळे इंजिनही आवरतं घेता येतं.

दुसरी पायरी स्टॅबिलिटी कंट्रोलची, आणि ती फार मोठी झेप होती. चाक घसरतंय की नाही एवढं कळून भागत नाही. ड्रायव्हरला जिकडे जायचं आहे तिकडे गाडी जाते आहे का, हे कळावं लागतं. त्यासाठी स्टेअरिंग किती वळवलं आहे ते मोजायचं, गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळते आहे ते मोजायचं, बाजूला किती ढकलली जाते आहे ते मोजायचं आणि सगळ्यांचा मेळ घालायचा. बॉशमध्ये डच वंशाचे अभियंते आंतोन फान झांटेन यांच्या नेतृत्वाखाली हे काम झालं आणि १९९५ मध्ये ते मर्सिडीजच्या आलिशान कूपेवर ईएसपी या नावाने बाजारात आलं. २०१६ मध्ये त्यांना युरोपियन पेटंट कार्यालयाचा जीवनगौरव संशोधक पुरस्कार मिळाला. ईएसपी हे बॉशचं नाव आहे. इतर कंपन्यांनी याच कामाला व्हीएससी, डीएससी, व्हीएसए अशी नावं दिली. या पुस्तकात मी सरसकट ईएससी हे सर्वसाधारण नाव वापरलं आहे.

ही यंत्रणा सामान्य माणसाच्या गाडीत आली ती मात्र एका अपघाती घटनेमुळे. ऑक्टोबर १९९७ मध्ये 'टेक्निकेन्स व्हेर्ल्ड' या स्वीडिश मासिकाने मर्सिडीजच्या नव्या, छोट्या ए-क्लासची चाचणी घेतली. रस्त्यावर अचानक मोठं हरीण आडवं आलं तर गाडी झटकन एका बाजूला काढून पुन्हा आपल्या लेनमध्ये आणायची, अशी ती चाचणी होती. तिच्यात गाडी उलटली. कंपनीची मोठी नामुष्की झाली. मग मर्सिडीजने गाड्यांची विक्री थांबवली, सस्पेन्शन सुधारलं आणि तोवर महागड्या मोटारींत मिळणारं ईएसपी प्रत्येक ए-क्लासमध्ये बसवून दिलं. आपल्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की ए-क्लास मुळात पाच गिअरांच्या मॅन्युअल गिअरबॉक्ससह येत होती. म्हणजे ईएससी सर्वसामान्यांच्या दारी आलं, तेच क्लचच्या गाडीतून. "मॅन्युअलला याचा काय उपयोग?" असं विचारणाऱ्याला मी हीच गोष्ट सांगतो.

त्यानंतरच्या वर्षांत ईएससीने आपली किंमत सिद्ध केली. अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा प्रशासनाने, म्हणजे एनएचटीएसएने, काढलेल्या अंदाजानुसार ईएससीमुळे एकट्या वाहनाचे अपघात मोटारींत ३४ टक्क्यांनी आणि एसयूव्हींत ५९ टक्क्यांनी कमी होतात. त्या आधारे अमेरिकेने २०१२ च्या मॉडेलांपासून सगळ्या हलक्या वाहनांना ईएससी सक्तीचं केलं. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ते असलंच पाहिजे असा नियम झाला. या नियमांनी गिअरबॉक्सचा भेद केला नाही. युरोपात तेव्हा मॅन्युअल गाड्याच जास्त होत्या, त्यामुळे क्लचबरोबर काम करायला ही यंत्रणा तिथे पक्की शिकली.

आता वरंधातल्या त्या वळणाकडे परत जाऊ. माझ्या गाडीत प्रत्येक चाकापाशी वेगाचा सेन्सर होता आणि स्टेअरिंगच्या दांड्यावर ते किती वळलंय हे मोजणारा दुसरा. आसनांच्या मध्ये, गाडीच्या पोटात, सिलिकॉनच्या कपच्यावर कोरलेली एक सूक्ष्म रचना सतत थरथरत असते. गाडी स्वतःभोवती वळू लागली की त्या थरथरीला बाजूचा ओढा बसतो आणि त्यावरून गाडीच्या वळण्याचा वेग कळतो. ड्रायव्हरला जायचंय कुठे आणि गाडी चाललीय कुठे, याची तुलना ईएससी सेकंदाला पंचवीस वेळा करतं. मी स्टेअरिंग उजवीकडे वळवलं होतं आणि गाडी सरळ जात होती. अशा वेळी यंत्रणा वळणाच्या आतल्या बाजूचं मागचं चाक, म्हणजे माझ्या बाबतीत उजवं मागचं चाक, ब्रेकने किंचित धरते. होडी वळवताना एका बाजूचं वल्हं पाण्यात रोवून धरावं तसं. गाडी त्या चाकाभोवती वळू लागते. पायाखाली आलेला कर्रकर्र आवाज पंपाचा आणि व्हॉल्व्हांचा होता. याच्या उलट, गाडीची शेपूट बाहेर फेकली जाऊ लागली, तर यंत्रणा बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक धरते आणि शेपूट जागेवर आणते. आपल्या ब्रेकच्या पॅडलला चारही चाकं एकदम धरता येतात. एकच चाक निवडून धरणं कितीही निष्णात ड्रायव्हरला शक्य नाही. यंत्रणेचं मोठेपण तिथे आहे.

त्याच क्षणी आणखी एक गोष्ट घडली होती, जी मला पुष्कळ उशिरा समजली. क्लच झटक्यात सोडल्यामुळे पुढची चाकं मागे ओढली जात होती, तेव्हा यंत्रणेने इंजिनाचा जोर किंचित वाढवला होता. आपल्याला वाटतं की घसरताना इंजिन आवरलंच पाहिजे. पण चाकं इंजिनाच्या ओढीमुळे घसरत असतील, तर थोडी रेस देऊन ती मोकळी करणं हाच उपाय असतो. ऑटोमॅटिक गाडीत गिअर उतरवण्याचं काम गिअरबॉक्स स्वतःच बेताने करतो. क्लचच्या गाडीत ते आपल्या हातापायांकडे असतं, म्हणून आपल्या चुकीवर पांघरूण घालण्याची पाळी यंत्रणेवर जास्त वेळा येते.

इथून पुढे डाव्या पायाचा विषय सुरू होतो. या पुस्तकाचा निम्मा भाग त्याला दिला आहे. ऑटोमॅटिक गाडीत ईएससी, इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांशी सतत बोलत असतात. घसरण सुरू झाली तर गिअर बदलायचा की थांबायचं, हेही तेच ठरवतात. क्लचच्या गाडीत गिअरचा दांडा तुमच्या हातात असतो. पुष्कळशा मॅन्युअल गाड्यांत कितवा गिअर पडलाय हे यंत्रणेला थेट कळतही नाही. इंजिनाचे फेरे आणि चाकांचा वेग यांचं गुणोत्तर पाहून ती ते ताडते. क्लचच्या पॅडलखालचा एक छोटा स्विच तिला पॅडल दाबलंय एवढंच सांगतो. क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांची गाठ सुटते. त्यानंतर इंजिन आवरून काही साधत नाही आणि वाढवूनही नाही. यंत्रणेकडे ब्रेक तेवढे उरतात. ते शाबूत असतात आणि त्यांच्या जोरावर गाडी सावरली जाऊ शकते. पण घसरत असताना क्लच पुन्हा झटक्यात सोडला, तर सावरत आलेल्या गाडीला आपणच नवा धक्का देतो. म्हणून गाडी घसरली की डाव्या पायाला एकच नियम: क्लच दाबायचा तर पूर्ण दाबायचा, आणि सोडायचा तर सावकाश.

दुसरी अडचण वेग घेण्याच्या वेळची. गणपतीत राजापूरजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. मुख्य रस्ता सोडून घराकडे चढणारी वाट लाल मातीची, आणि चार दिवस पाऊस झोडपत होता. पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर चढवायला गेलो, चाक फिरलं, यंत्रणेने लगेच इंजिनाचा जोर काढून घेतला, इंजिन घुसमटलं आणि गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा तेच. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गाडीत जोर काढून घेतला तरी इंजिन बंद पडत नाही. क्लचच्या गाडीत फेरे एका मर्यादेखाली गेले की इंजिन दम तोडतं. म्हणून यंत्रणा आखणारे अभियंते तिला एक किमान मर्यादा घालून देतात, पण खोल चिखलात ती मर्यादाही पुरत नाही. शेजारचे तात्या अनेक वर्षं टेम्पो चालवत आलेले. ते पायऱ्यांवरून बघत होते. खाली येऊन म्हणाले, "ते घसरत्या गाडीचं बटण दाबून धर, दुसऱ्या गिअरात घाल आणि रेस देऊ नको." ट्रॅक्शन कंट्रोल बंद केलं, दुसऱ्या गिअरमध्ये अलगद क्लच सोडला, मागून दोघांनी हात लावला आणि गाडी चढली. दुसऱ्या गिअरमध्ये चाकांवरचा जोर कमी, म्हणून चाक जागेवर फिरण्याची शक्यताही कमी. गाडी डांबरी रस्त्याला लागताच तात्यांनी हाक मारून बटण परत दाबायला लावलं. त्या बटणाचं काम तेवढंच. चिखल, वाळू किंवा खोल खड्डा यांतून सुटका होईपर्यंत ते बंद ठेवायचं आणि रस्ता लागला की सुरू. बटण बंद करून घाट चालवण्यात शौर्य नाही.

तिसरी गोष्ट चढावर थांबण्याची. घाटात ट्रकांच्या रांगेत अडकलेल्या क्लचच्या ड्रायव्हरला पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर नेताना गाडी मागे जाईल याची धास्ती असते. ईएससीचा हायड्रॉलिक भाग असलेल्या गाड्यांत हिल होल्ड ही सोय त्याच्याबरोबर देता येते. पाय उचलला तरी ब्रेकचा दाब साधारण दोन सेकंद धरून ठेवला जातो. तेवढ्या वेळात क्लच पकडीच्या बिंदूवर आणायचा असतो. ही सोय सर्वांत उपयोगी पडते ती क्लचच्या गाडीतच. असं असूनही आपल्याकडे काही काळ ती आणि ईएससी दोन्ही, काही छोट्या मोटारींच्या फक्त ऑटोमॅटिक प्रकारांत मिळत होती. जास्त पैसे देईल त्याचा जीव जास्त मोलाचा, असा त्याचा अर्थ निघतो आणि तो मला मान्य नाही.

चौथी गोष्ट आपल्याकडच्या एका जुन्या सवयीची. पेट्रोल वाचतं म्हणून घाट न्यूट्रलमध्ये उतरणारे अजूनही पुष्कळ आहेत. कार्ब्युरेटरच्या काळात या सवयीत थोडं तथ्य असेल. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की उतारावर इंधनाचा पुरवठाच बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःला चालू ठेवायला इंधन जाळत राहतं. म्हणजे बचत तर नाहीच, शिवाय इंजिन ब्रेक गेला, ब्रेक तापले आणि ईएससीच्या हातून इंजिनाचं साधनही निसटलं. किल्ली बंद करून उतरणं तर आत्मघात आहे. तेव्हा ईएससी, एबीएस, पॉवर स्टेअरिंग काहीच उरत नाही.

आता यंत्रणेच्या मर्यादा. त्या सांगितल्या नाहीत, तर हे पुस्तक वाचकाची फसवणूक करेल. पन्नास मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटर वेगाने गेलं, तर टायरला भाराच्या सुमारे पाव पट बाजूची पकड लागते. त्याच वळणावर ताशी ६० ने गेलं, तर ५७ शतांश लागते. वेग दीडपट झाला की पकडीची गरज सव्वादोनपट होते. ओल्या रस्त्यावर मिळणारी पकड निम्म्याच्या आसपास असेल, तर ६० च्या वेगाला ती पुरत नाही आणि कोणतीही यंत्रणा ती कुठून आणून देऊ शकत नाही. असलेली पकड चार चाकांत शहाणपणाने वाटणं एवढंच ईएससीचं काम. वरंधात माझा वेग आणखी दहाने जास्त असता, तर तो पिवळा दिवा लुकलुकला असता आणि गाडी तरीही कठड्याला लागली असती.

म्हणूनच टायरवर एक सबंध प्रकरण आहे. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर आपल्या नियमांनुसार बाद ठरतो, पण पावसाळ्याच्या तोंडावर त्या हद्दीपर्यंत थांबूच नये. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते पुढे बसवावेत असा आपल्याकडे समज आहे, त्यात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचे मालक तर हट्टाने तसं करतात. टायर कंपन्यांचा सल्ला उलट आहे: नवी जोडी मागे बसवा. पुढचं चाक घसरलं तर ड्रायव्हरला कळतं आणि वेग कमी करता येतो. मागचं घसरलं तर कळेपर्यंत गाडी फिरलेली असते. वेगवेगळ्या मापांचे टायर एकाच गाडीला लावले, तर चाकांच्या वेगांची तुलना बिघडते आणि यंत्रणा गोंधळते. चाकापाशी चिखल साठून सेन्सर खराब झाला, की दिवा सतत जळत राहतो. तो लुकलुकत नाही. तेव्हा यंत्रणा बंद आहे असं समजून तपासणी करून घ्यावी. दिवा डोळ्यांना खुपतो म्हणून त्याची जोडणीच तोडून दिलेल्या गाड्या मी वर्कशॉपमध्ये पाहिल्या आहेत. आजाराचं लक्षण झाकल्याने आजार जात नाही.

भारतात या विषयाला आता थोडं बळ मिळालं आहे. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅप या सुरक्षा मूल्यांकनात तीन किंवा त्याहून जास्त तारे हवे असतील, तर गाडीत ईएससी असणं आवश्यक आहे. वाहनांच्या मानकांचं आणि चाचण्यांचं मोठं काम करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे. हा विषय आपल्या अंगणातला आहे आणि त्यावर मराठीत लिहिलं जायला हवं. २०२२ या एकाच वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्या सगळ्यांचा हिशेब ईएससीशी जोडणं चूक ठरेल. अतिवेग, दारू, वाईट रस्ते, हेल्मेट आणि सीटबेल्टचा कंटाळा, अशी कारणं अनेक आहेत. पण घसरून, उलटून गेलेल्या गाड्या त्यात आहेत, आणि त्यांतल्या काही वाचू शकल्या असत्या.

पुस्तकाची मांडणी अशी आहे. पहिल्या भागात टायर, पकड आणि वळण यांचं साधं भौतिकशास्त्र आहे. दहावीचं गणित आठवत असलेल्या कोणालाही ते समजेल. दुसऱ्या भागात एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएससी यांची रचना आकृत्यांसह दिली आहे. आयटीआयच्या मुलांना आणि गॅरेजवाल्यांना हा भाग उपयोगी पडावा. तिसरा भाग क्लचच्या गाडीचा. गिअर उतरवताना क्लच कसा सोडावा, चढावर कसं थांबावं, चिखलातून कसं निघावं, अचानक ब्रेक लावताना दोन्ही पायांनी काय करावं, हे त्यात क्रमाने सांगितलं आहे. चौथ्या भागात आपले रस्ते आहेत: आंबोलीतलं धुकं, ताम्हिणीतला पाऊस, कोकणातली लाल माती, आणि हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून डांबरावर आणलेला, कोल्हापूर-सांगलीकडच्या ऊसपट्ट्यातला चिखल. तांत्रिक शब्दांना मी मुद्दाम अवघड संस्कृत प्रतिशब्द घडवले नाहीत. मेकॅनिक ज्याला क्लच प्लेट म्हणतो त्याला इथेही क्लच प्लेटच म्हटलं आहे.

ज्यांनी आपल्या वर्कशॉपात मला तासन्‌तास उभं राहू दिलं, खराब झालेले सेन्सर हातात देऊन समजावलं, आणि ज्या ट्रक-टेम्पोवाल्यांनी आपली घाटविद्या हात न राखता सांगितली, त्यांचं ऋण मोठं आहे. भाच्याचंही आहे. त्याने प्रश्न विचारला नसता, तर मी तो दिवा विसरूनही गेलो असतो.

वाचकांना एक विनंती आहे. हे पुस्तक वाचून बाजूला ठेवण्याआधी आपल्या गाडीत एकदा बसा. किल्ली फिरवा. इंजिन सुरू व्हायच्या आधी सगळे दिवे क्षणभर उजळतात, त्यांत घसरत्या गाडीचा दिवा आहे का ते बघा. असेल, तर तो उजळून विझतो ना याची खात्री करा आणि बटण कुठे आहे ते बोटांना ठाऊक करून ठेवा. नसेल, तर पुढची गाडी घेताना शोरूममध्ये सनरूफच्या आधी त्याची चौकशी करा, मॅन्युअल प्रकारातही तो मागा. आणि दिवा असो वा नसो, पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस पडलेल्या घाटात शिराल, तेव्हा वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणाच्या आधीच गिअर उतरवा आणि क्लच सावकाश सोडा.